घाटंजीचा आठवड्याचा अंदाज "थापा" कसा?

काळीमाती
काल इथं कुणीतरी लिहिलं, "घाटंजीचा आठवड्याचा अंदाज म्हणजे निव्वळ थापा. गुरुवारी पाऊस सांगितला, वावरात थेंब नाही." राहवलं नाही म्हणून लिहितो. हवामान खात्याच्या पत्रकात "तुरळक ठिकाणी" होतं. म्हणजे पावसाची नोंद घेणारी १०० ठिकाणं धरली, तर फार तर २५ ठिकाणी. तुमचं वावर उरलेल्या ७५ मध्ये आलं, यात खातं खोटं कसं? येत्या शनिवारपर्यंतही तेच आहे, तुरळक, विजांसह. त्या भरवशावर पेरू नका. ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आज सकाळी खुरप्यानं उकरून पाहिलं. वर चार बोटं ओल, खाली कोरडी भुकटी.

धुऱ्यावरचा
ते मीच लिहिलं होतं भाऊ. १०० तले २५ हे पत्रकात कुठं असते? कास्तकारानं कसं समजाव? मागच्या साली "मध्यम पाऊस" वाचून तीन बॅगा सोयाबीन टाकलं. एक सर आली, मंग बारा दिवस ऊन. दाणे फुगले अन् तिथंच कुजले, बोटानं दाबले त लगदा. दुबार पेरणीले घरच्या बाईची गळ्यातली पोत गहाण गेली. अन् तुम्ही मले शब्दाचा अर्थ शिकवता?

पऱ्हाटीवाला
अंदाजाचं सोडा, मोजणीचं बोला. आमच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक नऊ किलोमीटरवर. नाल्यानं बांध फोडला, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आडवी झाली, अन् यंत्रात ५८ मिमी. ६५ भरले नाही म्हणून अतिवृष्टीच्या यादीत नाव नाही. पंचनाम्याले कोणी फिरकलं नाही.

काळीमाती
धागा अंदाजाचा आहे.

पऱ्हाटीवाला
तुमचं वावर यंत्राजवळ असन, म्हणून असं बोलता!

काळीमाती
माझं वावर सात किलोमीटरवर आहे. मलाही मदतीचं काही मिळालं नाही. उगाच काहीही बोलू नका.

तिफण
पऱ्हाटीवाल्याचं बरोबर आहे. आमचा आजा म्हणे, बैलाचं एक शिंग भिजते, दुसरं कोरडं राहते. असा पाऊस, अन् पूर्ण मंडळाले एकच यंत्र? गावागावात बसवा. विम्याले आधी ७२ तासांत कळवलं तरी तिथंही यंत्राचाच आकडा पुढं करत.

निंदणवाली
तुमचं यंत्र चालू द्या. विजांचं एकानंही धरलं नाही. दामिनी ॲप २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवते, पण ते मालकाच्या फोनात, अन् मालक घरी. आम्ही आठ बाया वावरात. मागच्या जूनमध्ये पलीकडच्या धुऱ्यावरच्या बाभळीवर पडली, खोड उभं चिरलं. त्याच बाभळीखाली आमच्या शिदोऱ्या होत्या. पत्रकात "विजांसह" दिसलं, की मुकडदमाले फोन करत जा.

काळीमाती
ताई, हे मी लिहायला हवं होतं. आज माझ्या वावरात सात बाया आहेत. आत्ताच फोन करतो.

धुऱ्यावरचा
तुरळकचं समजलं, थापा हा शब्द मागं घेतो. पण १०० तले २५ हे त्याईनं पत्रकातच लिहाव, इतकं तुम्हीही माना.

काळीमाती
मानतो. पेरणार कधी?

धुऱ्यावरचा
सोमवारलोक थांबतो. पण शेजाऱ्यानं तिफण जुपली, की माह्यानं राहवत नाही, हे खरं सांगतो.