एल-वन सपोर्टमधून वर कसं जावं? ८५ हजारांचा कोर्स करू का?

पूर्णा_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या. रात्रपाळीत टिकेट (बिघाडाची तक्रार) नसलं की माणूस लांबच लिहितो.

मी पूर्ण्याचा. वडील रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. परभणीला डिप्लोमा केला, मग डायरेक्ट सेकंड इयरला नांदेडला डिग्री. सव्वातीन वर्षं झाली, संभाजीनगरात चिकलठाण्याला एका छोट्या कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टला आहे, एल-वन, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. क्लायंट अमेरिकेतली विमा कंपनी. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. हातात २३ हजार येतात. नऊ खोली-मेसला, दहा घरी, उरलेले कुठं जातात ते मलाही कळत नाही.

काम असं आहे की रात्री क्लेमच्या फायली येतात, त्यावर बॅच जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारे प्रोग्राम, चालतात. जॉब अडकला की टिकेट पडतं. आपण लॉग (जॉबनं केलेल्या नोंदी) बघायचा आणि एल-टूला, म्हणजे वरच्या पायरीवरच्याला, झोपेतून उठवायचं. वडिलांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, म्हंजे तू बी गँगमनच की, रूळ तपासायचे, गाडी दुसऱ्यानं चालवायची.

क्लायंटकडं एक सिनियर आहेत, अटलांटाचे, कृष्णवर्णीय, पन्नाशीच्या आसपास. कॉलवर बाकीचे फक्त अपडेट मागतात. यांनी जानेवारीत एकदा विचारलं, टिकेट नसतं तेव्हा काय करतोस? खरं सांगितलं, एनपीटेलवर (आयआयटीवाल्यांचे फुकट ऑनलाइन कोर्स) पायथन शिकायलोय. ते म्हणाले, सर्टिफिकेट नंतर दाखव, आधी आपल्याकडं रोज काय मोडतं ते मोजून दाखव.

मोजलं. महिन्याच्या टिकेटांत एकच रडगाणं सारखं येत होतं: शून्य बाइटची फाइल येते, जॉब तिची वाट बघत लटकतो. मी स्क्रिप्ट लिहिली. फाइलचा साइज बघते, कालची फाइलच आज परत आली का ते बघते, आणि लॉग जोडून टिकेट टाकते. चाळीस मिनिटांचं काम पाचवर आलं. आमच्या टीम लीडनं मंथली रिव्ह्यूमध्ये स्लाइड दाखवली, 'टीम इनिशिएटिव्ह'. माझं नाव कुठंच नाही. एप्रिलमध्ये एल-टूची एक जागा निघाली, ती दुसऱ्याला गेली. पोरगा वाईट नाही. पण शनिवारी लीडच्या गाडीत बसून दौलताबादकडं हुरडा खायला जाणाऱ्यांत तो असायचा, मी नसायचो. मला कुणी बोलावलंच नाही.

जॉइन झालो तेव्हा लीडनं विचारलं होतं, गाव कोणतं? म्हटलं पूर्णा. "पूर्ण्यात कुठं?" हा प्रश्न ज्यांना कळायचा त्यांना कळतो. मी सांगितलं. "बरं बरं." तेवढंच. आता त्या 'बरं बरं'चा आणि एप्रिलचा संबंध आहे का, देव जाणे. मला सिद्ध करता येत नाही आणि डोक्यातून काढताही येत नाही.

अटलांटाच्या सरांना फक्त एवढंच सांगितलं की प्रमोशन झालं नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःचं सांगितलं. ते नॉर्थ कॅरोलिना ए अँड टीचे. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या कॉलेजात घेत नव्हते त्या काळात निघालेल्या विद्यापीठांपैकी ते एक. १९६० मध्ये ग्रीन्सबरोच्या गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसलेली चार पोरं तिथलीच. तिथं शिकताना ते नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्सचे मेंबर झाले. ती १९७५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी उभी केली. त्यांना पहिली इंटर्नशिप तिच्या अधिवेशनातच मिळाली. म्हणाले, कोडिंग मला वर्गात आलं, पण पगार किती मागायचा, कुणाला मेल टाकायचा, रिव्ह्यूत काय बोलायचं, हे सगळं तिथल्या सिनियर पोरांनी शिकवलं.

तर माझे प्रश्न. क्रांती चौकाजवळचा एक क्लास ८५ हजारांत क्लाउड आणि डेटा शिकवतो, '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणतो, हप्त्यावर देतो. दिवाळीनंतर बहिणीचं लग्न आहे. करू का? आणि त्या सोसायटीसारखं आपल्याकडं काही आहे का?

जावा_जिवंत_आहे

जावातलं स्प्रिंग बूट शीक. बाकी सगळं झूट.

लातूर_पॅटर्न

भाऊ, राग मानू नको, पण प्रत्येक ठिकाणी जात आणायची गरज आहे का? मार्केटच बसलंय. माझा आतेभाऊ ओपनमधला, पुण्यात पाच महिने बेंचवर (प्रोजेक्टविना बसून) होता, मग नारळ दिला. हुरड्याला तू स्वतःहून गेला असतास तर कुणी हाकललं नसतं. आयटीत कोड बोलतो.

उदगीरची_डेटावाली

लातूर_पॅटर्न, आतेभावाचं वाईट वाटलं, खरंच. पण कोड बोलायच्या आधी अर्ज बोलतो, आणि अर्जावर नाव असतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी हे मोजलंय, २००७ मध्ये छापून आलं. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले, शिक्षण तोडीस तोड, फरक फक्त नावाचा. पुढच्या फेरीला बोलावणं येण्याची शक्यता दलित नावासाठी सवर्ण हिंदू नावाच्या साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावासाठी एक तृतीयांश. बॉस्टन आणि शिकागोत असाच प्रयोग झाला होता, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच हजारांच्या आसपास अर्ज, गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट फोन आले. तेव्हा पूर्णाकराच्या डोक्यात जे घोळतंय तो त्याचा भ्रम नाही. त्याच्या लीडनं तसंच केलं असेल असंही मी म्हणत नाही, मला माहीत नाही.

आता पूर्णाकर, तुझ्याकडं येते. मी तेरा वर्षं या धंद्यात आहे, पुण्यात डेटा इंजिनिअरिंगची टीम बघते. आई उदगीरला अंगणवाडीत मदतनीस होती, मी समाजकल्याणच्या हॉस्टेलवर राहून शिकले. ८५ हजार देऊ नकोस. तरी मन खात असेल तर क्लासवाल्याकडं मागच्या बॅचमधल्या तीन पोरांचे नंबर माग, त्याच्यासमोर फोन लाव. आणि हप्ता कुणाचा आहे ते नीट वाच. बहुतेक वेळा तो फायनान्स कंपनीचा असतो, म्हणजे क्लासला कुलूप लागलं तरी तुझ्या खात्यातून कापला जाणार. आमच्या हॉस्टेलच्या एका पोरानं पावणेदोन वर्षं बंद पडलेल्या क्लासचे हप्ते भरले.

तुला वाटतंय तू एल-वन आहेस. मी तुझी पोस्ट वाचली तर मला काय दिसलं? शेड्यूलवर चालणारे जॉब, फाइल तपासणी, डुप्लिकेट पकडणं, लॉग, अलर्ट. अरे, याला आम्ही डेटा पाइपलाइनची देखभाल म्हणतो आणि त्याचे बरे पैसे देतो. तुला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, पक्कं करायचंय (जॉइन नाही, विंडो फंक्शन, मुलाखतीत घोडं तिथंच पेंड खातं), एअरफ्लो शिकायचंय, जॉब ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं चालवणारं सॉफ्टवेअर, तुझ्या बॅच जॉबचाच चुलतभाऊ, आणि कुठल्यातरी एका क्लाउडचं फुकट खातं उघडून हेच सगळं तिथं चालवायचंय. चार-पाच महिने. रात्रपाळी आहे म्हणून सहा धर.

एक इशारा: क्लायंटचा कोड किंवा डेटा स्वतःच्या गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकू नकोस. नोकरी तर जाईलच, अटलांटाचे सरही तोंड फिरवतील. खोट्या फायली तयार कर, घरी नव्यानं लिही, ते टाक.

आणि आता खरी गोष्ट. नुसतं शिकून होत नाही. डोरोथी वॉन हे नाव ऐकलंय? व्हर्जिनियाच्या लँगली प्रयोगशाळेत हातानं आकडेमोड करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांचा वेगळा विभाग होता, १९४९ पासून त्या त्याच्या प्रमुख. मशिनी येणार म्हटल्यावर बाई फोरट्रान शिकल्या आणि हाताखालच्या बायकांनाही शिकवलं. आपली पोटं मशीन खाणार म्हणून रडत बसल्या नाहीत. इथवर सगळे भाषणात सांगतात. पुढचं सांगत नाहीत: १९५८ मध्ये नासा झाली, तो वेगळा विभाग मोडला, आणि वॉनबाईंना मागूनही पुन्हा प्रमुखपद मिळालं नाही. फोरट्रान येत असून.

माझंही तेच झालं होतं, लहान प्रमाणात. पहिल्या कंपनीत दोन वर्षं माझे रिपोर्ट दुसरा माणूस सादर करायचा, कारण 'तुझं इंग्लिश अजून बसलेलं नाही'. बसत कसं नव्हतं? बोलूच दिलं नाही तर बसणार कुठून! तिथून सुटले ती हॉस्टेलच्या एका सिनियर ताईमुळं. तिनं रेफरल दिलं, आणि त्याहून मोठं म्हणजे स्वतःच्या पगाराचा आकडा सांगितला. मी १४ हजारांवर होते, तिनं सांगितलं ३२ माग. मागताना घशाला कोरड पडली. ३० मिळाले.

म्हणून तुला दोन कामं देते. स्क्रिप्ट कंपनीच्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदवहीत, आहे का? असेल तर कमिटवर, म्हणजे त्या नोंदीवर, कुणाचं नाव आहे? आणि लीडला मेल टाक, भांडणाचा नाही: ही स्क्रिप्ट मी अमुक तारखेला लिहिली, आधी महिन्याला इतकी टिकेटं, आता इतकी, इतके तास वाचले, एल-टूसाठी माझ्यात काय कमी आहे ते लेखी सांगा, सप्टेंबरमध्ये परत बसू. अटलांटाच्या सरांना सीसी करू नकोस, ते चुगली केल्यासारखं दिसतं. त्यांना वेगळं विचार की आकडे बरोबर आहेत ना. शहाणा माणूस दिसतोय, पुढचं ते करतील.

निवृत्त_मास्तर

बाळा, उशिरा लिहितोय, चष्मा सापडत नव्हता. तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षं शिकवलं. ताईचं सगळं बरोबर आहे. फुकट प्रशिक्षणासाठी पुण्याच्या बार्टीच्या (अनुसूचित जातींसाठीची सरकारी संस्था) जाहिराती बघत जा. मराठा-कुणबी पोरांसाठी सारथी आहे, ओबीसी आणि भटक्यांसाठी नागपूरची महाज्योती. माझे विद्यार्थी फॉर्मची तारीख गेल्यावर विचारायला यायचे, तसं करू नको.

अनोळखी माणसाला मेल टाकायला पोरं फार लाजतात. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिकडच्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडं निवेदन दिल्याचं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, आपल्या लोकांसाठीही असंच करायचं मनात आहे. डु बॉइस यांचं उत्तरही आलं. मी वर्गात सांगायचो, एवढा मोठा बॅरिस्टर समुद्रापलीकडच्या माणसाकडं नमुना मागतो, तुम्हाला सिनियरकडं रिझ्युमेचा नमुना मागायला काय धाड भरते?

पूर्णा_पॅसेंजर

ताई, मास्तर, धन्यवाद. लातूर_पॅटर्न, तुमचाही राग नाही, पण हुरड्याला बोलावल्याशिवाय जायचं नसतं हे आमच्या घरी लहानपणीच शिकवलंय.

गिट बघितलं. कमिट 'सपोर्ट-अॅडमिन' या कॉमन लॉगिननं झालेला आहे. म्हणजे कुणाचंच नाव नाही. चूक माझीच, तेव्हा घाईत तेच लॉगिन उघडं होतं. आणि एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो, चॅटवर मी माझं नाव 'सचिन आर.' असं ठेवलंय. आर म्हणजे वडिलांच्या नावाचं अक्षर. आडनाव कुठंच लावत नाही. क्लायंटला माझं आडनाव माहीतच नाही!

उदगीरची_डेटावाली

यात लाजण्यासारखं काही नाही. मी चार वर्षं लावत नव्हते. केव्हा लावायचं ते तू ठरव, कुणाच्या दडपणाखाली नको, माझ्याही नाही. पण कमिट स्वतःच्या लॉगिननंच करत जा.

आणि तू विचारलं होतंस ना, आपल्याकडं काही आहे का? आमच्या हॉस्टेलच्या नऊ जणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. अधिवेशन वगैरे काही नाही. कुठं जागा निघाली, कोण किती पगार देतंय, कुठल्या मॅनेजरपासून लांब राहायचं, एवढंच चालतं. मधूनमधून साड्याही. तुझ्या डिग्रीच्या बॅचमधले कोण कुठं आहेत त्याची वही कर, निम्मे फोन उचलतील. रिझ्युमे मला मेसेजमध्ये पाठव, आडनावासकट किंवा त्याशिवाय.

पूर्णा_पॅसेंजर

तीन आठवड्यांनी लिहितोय. क्लासवाल्याला नाही म्हटलं. तो आता ६० हजारांवर आलाय आणि रोज फोन करतोय.

बॅचमधल्या एकवीस जणांना फोन लावले. चौदांनी उचलला. त्यातले पाच सपोर्टलाच आहेत, तिघांनी आयटी सोडून स्पर्धा परीक्षा धरल्यात. एक जण हैदराबादला डेटा इंजिनिअर आहे, आणि मला ते माहीतच नव्हतं! आम्ही एकाच मेसला जेवायचो. तो दर रविवारी तासभर एअरफ्लो शिकवतो, बदल्यात मी त्याच्या धाकट्या भावाचा डायरेक्ट सेकंड इयरचा फॉर्म भरून दिला.

लीडला मेल टाकला. मास्तर, आधी ताईंकडून तपासून घेतला, नमुना मागितला तुमच्या सांगण्यावरून. दोन दिवस उत्तर नाही. मग एका ओळीचं आलं: सोमवारी सहाला बोलू. सरांनी मात्र आकडे तपासून परत पाठवले, माझे तास कमी धरले होते म्हणाले, सुट्टीच्या दिवसांची टिकेटं मी मोजलीच नव्हती.

स्क्रिप्टमध्ये थोडी सुधारणा केली आणि काल पहिल्यांदा स्वतःच्या लॉगिननं कमिट केली, पूर्ण नाव, आडनावासकट. छातीत धडधड. आणि कमिट तपासणारी पाइपलाइन फेल! ईमेल आयडीमध्ये एक टिंब जास्त पडलं होतं. ते काढलं, मग गेली.

सोमवारचं कळवतो. आत्ता टिकेट पडलंय.