पहिल्या वर्षी जीपीए २.६६ : प्रीमेड सोडावं, रेटावं की थांबावं?

परसबाग

मे महिन्यात लेक कॉलेजातून घरी आली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना काही न बोलता तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पहिल्या वर्षाचा जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, २.६६. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात सी, दुसऱ्यात सी मायनस. फिजिक्स सी प्लस, बायॉलॉजी आणि कॅल्क्युलस बी मायनस. लेखनाच्या कोर्सात तेवढा ए मायनस. हायस्कूलची चार वर्षं हिच्या प्रगतिपुस्तकात बी पाहिल्याचं मला आठवत नाही.

देशातल्या वाचकांसाठी थोडक्यात: इथे अमेरिकेत बहुतेकांना बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, कुठल्याही विषयात. त्यातच ठरावीक सायन्सचे कोर्स करायचे, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग अर्ज. अर्जात कॉलेजातला प्रत्येक गुण जातो. या वाटेवरच्या मुलांना प्रीमेड म्हणतात, ती काही वेगळी पदवी नव्हे.

झालं कसं तेही सांगते, कारण त्यात माझा हात आहे. एपी केमिस्ट्रीत, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या तोडीच्या परीक्षेत, पाचपैकी पाच होते, म्हणून जनरल केमिस्ट्री गाळून पहिल्याच सत्रात ऑर्गो घेतलं. "वर्ष वाचेल" हे शब्द माझे. दुसऱ्या सत्रात तीन सायन्स एकदम, आणि वर गरबा-रास टीमची आठवड्यातून तीन रात्री प्रॅक्टिस.

माझं मत: प्रीमेड सोडू नये आणि धावूही नये. क्रेडिट (कोर्सच्या वजनाचं माप) कमी घ्यावीत, एका वेळी दोनच सायन्स, अर्ज पदवी झाल्यावर. नवऱ्याचं म्हणणं, याच उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात दोन्ही ऑर्गो पुन्हा कर आणि मोकळी हो. कोणाचं काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

हिशेबनीस

स्पष्टच सांगतो: सोडावं.

तुमच्या आकड्यांवरून ३० क्रेडिट धरतो. पुढची दोन वर्षं तिने ३.८ ठेवला, तर तिसऱ्या वर्षाअखेर एकूण ३.४२. चौथं वर्षही ३.८ ने काढलं तर ३.५ च्या किंचित वर. एमडीला (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.८ च्या आसपास असते. आणि ३.८ म्हणजे सगळीकडे ए मायनसहून वर, तेही आज सी घेणाऱ्या मुलीने.

खरा खड्डा पुढेच आहे. अर्जात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा जीपीए वेगळा काढतात. ते पाच कोर्स चार-चार क्रेडिटचे धरले, तर तो आकडा येतो २.२८. यापुढे ५० क्रेडिट सायन्स ३.८ ने केलं तरी ३.३७ च्या वर जात नाही. दरवर्षी साधारण ५२ हजार जण अर्ज करतात आणि २३ हजार आत जातात. बाहेर राहिलेल्या २९ हजारांत ३.६ वाले ढिगाने आहेत.

आज सोडलं तर गेलं एक वर्ष. तिसऱ्या वर्षी सोडलं तर तीन.

बेसमेंट

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. डाग ताजा असतानाच धुवावा. कम्युनिटी कॉलेज स्वस्त, वर्ग लहान, शिकवतातही जीव तोडून. दोन ए आणा आणि पुढे चला.

रात्रपाळी

बेसमेंटदादा, तो डाग धुतला जात नाही हीच तर गोम आहे. एमडीच्या सामायिक अर्जात कोर्स पुन्हा केला तरी जुना गुण आणि नवा गुण दोन्ही मोजतात. डीओ (ऑस्टियोपथी, इथली डॉक्टरकीची दुसरी पदवी) शाळांच्या अर्जात पूर्वी नवा गुण जुन्याची जागा घ्यायचा, ते २०१७ मध्ये बंद झालं. तुमच्या कॉलेजने स्वतःच्या ट्रान्स्क्रिप्टवर जुना गुण झाकला तरी अर्जात तो लिहावाच लागतो.

म्हणून सी आलेलं ऑर्गो वन पुन्हा करू नका. बहुतेक ठिकाणी सी चालतो. सी मायनस बऱ्याच शाळांना चालत नाही, तेव्हा ऑर्गो टू पुन्हा. त्याच्या वरचा बायोकेमिस्ट्री नीट केला तर वाचणाऱ्याला कळतं की पाया आता पक्का आहे. आणि हे सगळं उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत कोंबू नका. सोळा आठवड्यांत जे झेपलं नाही ते सहात झेपेल, हे गणित मला कधी कळलेलं नाही.

आता हिशेबनीस. तुमची बेरीज बरोबर आहे, पण अर्ज वाचणाऱ्यापुढे एकच सरासरी नसते. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं अशा वेगवेगळ्या ओळी असतात. २.६६, ३.६, ३.८, ३.९ असा जिना दिसणं वेगळं आणि सरळ ३.५ दिसणं वेगळं.

माझा पहिल्या वर्षाचा २.४ होता. आज मी मिडवेस्टमधल्या एका हॉस्पिटलात रात्रीचे पेशंट पाहतो. बुद्धी रातोरात वाढली नव्हती. मी नोट्स पाच-पाच वेळा वाचायचो, पिवळ्या पेनाने पानं रंगवायचो आणि येतंय असं वाटायचं. ऑर्गोचं मेकॅनिझम डोळ्यांनी वाचून येत नाही. कोऱ्या कागदावर बाण काढावे लागतात, चुकावं लागतं, तो चुकलेला कागद घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये बसावं लागतं. तिथे जायची मला लाज वाटायची. आपल्याकडच्या हुशार मुलांचा हा एक रोगच आहे: आजवर कधी अडलेलंच नसतं, त्यामुळे विचारायचं कसं ते ठाऊक नसतं.

पदवीनंतर दोन वर्षं इमर्जन्सी रूममध्ये स्क्राइब होतो, म्हणजे डॉक्टरांच्या मागे फिरून नोंदी टाइप करायच्या. पहिल्या खेपेला कुठेच लागलं नाही. दुसऱ्या खेपेला डीओ शाळेत मिळालं.

हिशेबनीस

अभिनंदन, मनापासून. पण नदी पार केलेलाच काठावर बसून गोष्ट सांगतो. बुडालेले इथे लिहायला येत नाहीत. माझा सख्खा भाचा २.९ वरून असाच जिना चढत होता. दोनदा एमकॅट, दोनदा अर्ज, मधे एक स्पेशल मास्टर्स, म्हणजे मेडिकलच्या अर्जाला जोर यावा म्हणून केलेली पदव्युत्तर पदवी. सत्ताविसाव्या वर्षी हातात काय, तर कर्ज आणि कोणी न विचारणारी मास्टर्स. आणि आता तर २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं केंद्राचं कर्ज बंद. मेडिकलला केंद्राचं कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण दोन लाख, बास. त्याआधीच मास्टर्सवर पैसे घालवून बसलेल्याने पुढे कुठे जायचं?

शिवाय डीओचं म्हणाल तर न्यूरोसर्जरी, ऑर्थोपेडिक्स अशा ठिकाणी आजही त्यांना दार अर्धंच उघडतं. हे मुलीला आधी सांगा.

रात्रपाळी

सांगावं, जरूर सांगावं. पण भारतातले नातेवाईक डीओ म्हणजे काहीतरी वैदू समजतात, तेही इथेच निस्तरू. पहिली शाळा मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला १८९२ मध्ये निघाली. आज औषधं, शस्त्रक्रिया, परवाना सगळं एमडीसारखंच. २०२० पासून रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची) मान्यताही दोघांची एकच. माझ्या पेशंटना फरक ठाऊक नाही. माझ्या सासूबाईंना मात्र ठाऊक आहे.

भाच्याचं ऐकून वाईट वाटलं. स्पेशल मास्टर्स ही शेवटची पायरी, पहिली नव्हे, इथवर तुमचं मान्य.

एच४आई

गर्दीत एक कोरडा प्रश्न. मुलगी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाली आहे ना? नसेल तर ही सगळी चर्चा फोल. बहुतेक मेडिकल शाळा इतरांचा अर्ज घेतच नाहीत, आणि एच४ वरचं, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेलं मूल एकविसाव्या वर्षी त्या व्हिसातून बाहेर. आमच्या घरी हे उशिरा उमगलं.

परसबाग

जन्म इथलाच, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण बरं झालं विचारलंत, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

चहाबिस्किट

मुळात डॉक्टरला ऑर्गो कशाला लागतं? पोरं गाळायची चाळणी आहे ती. २०२२ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ३५० पैकी ८२ जणांनी ऑर्गोच्या प्राध्यापकांविरुद्ध अर्जावर सह्या केल्या आणि त्या वयोवृद्ध, नामवंत गृहस्थांचा करार गेला. म्हणजे मुलांचं काहीतरी दुखत असेलच ना?

हिशेबनीस

दुखतंय म्हणून चाळणी काढायची? मला भूल देणारा माणूस चाळणीतून आलेला असावा, एवढीच माझी अपेक्षा.

नाशिकची मास्तरीण

मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकवते. तुमचं वाचून गंमत वाटली आणि धसकाही बसला.

आमच्याकडे सगळं नीटच्या एका दुपारवर. ७२० गुण, ते आले की बारावीला पीसीबीत ५० टक्के असले तरी चालतात. मग तीच मुलं ॲनाटॉमीच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत आपटतात. दोन वर्षं लातूरला किंवा कोट्याला राहून चार पर्यायांतला एक ओळखायची सवय लागलेली असते. व्हायव्हात हाड हातात दिलं की डावं की उजवं हेही सांगता येत नाही. सगळी हुशार पोरं, पण रडतात. घरी कळवत नाहीत. पहिलं वर्ष पास व्हायला चार संधी असतात. बहुतेक जण त्याआधीच सावरतात. पुढे कोणी विचारतही नाही की तुला पहिल्या वर्षी सप्लिमेंटरी लागली होती का.

तुमच्याकडे अठराव्या वर्षीचा सी चोविसाव्या वर्षी समोर येऊन उभा राहतो. हे मला फार क्रूर वाटतं. उलट इकडे नीटच्या दुपारी ताप आला तर वर्ष गेलं, तुमच्याकडे निदान वर्षं हाताशी आहेत. कोणती पद्धत बरी ते मला ठरवता आलेलं नाही.

एक मात्र सांगेन. सावरणाऱ्या मुलांत मला दिसलेला फरक हा की ती दोन आठवड्यांत येऊन "मॅडम, माझं कुठे चुकतंय?" विचारतात. न सावरणारी जास्त तास बसतात, जुन्याच पद्धतीने.

तिसरी घंटा

सगळे २.६६ भोवती फिरताहेत म्हणून मधे बोलतो. मी प्रीमेड सोडलं तेव्हा माझा जीपीए ३.७ होता. वडिलांनी सहा महिने धड बोलणं टाकलं होतं.

कारण इतकंच: दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात एका नर्सिंग होममध्ये काम केलं आणि कळलं की मला आजार वाचायला आवडतात, आजारी माणसं नाही. रोज सकाळी तेच आजोबा तोच प्रश्न विचारत आणि माझं डोकं फिरे. बरोबरची एक मुलगी, सी-बी वाली, त्याच आजोबांशी रोज नव्याने बोलायची. तिचं पुढे काय झालं ठाऊक नाही, पण डॉक्टर कोण व्हावं हे मला त्या महिन्यात दिसलं. मी आता आकडेवारीत काम करतो, औषधांच्या चाचण्यांच्या. सुखात आहे.

तेव्हा परसबागताई, लेकीने आजवर आजारी माणसांत किती तास काढलेत?

परसबाग

हायस्कूलमध्ये हॉस्पिटलच्या गिफ्ट शॉपमध्ये काढलेले तास धरायचे का? नसतील तर शून्य.

हिशेबनीस

तिसरी घंटा यांचा मुद्दा मला पटला, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. आधी हा उन्हाळा नर्सिंग होममध्ये काढू दे. आवडलं नाही तर पुढचा खर्चच वाचला.

रात्रपाळी

आणि आवडलं तर? मग तुमचा ३.४२ चा कागद ती फाडून टाकेल. तेव्हा हरकत घेऊ नका.

एमकॅटबद्दल एक राहिलं. ४७२ ते ५२८ असे गुण असतात, प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ५११-५१२. चांगला एमकॅट जुने गुण पुसत नाही, पण पुढचा जिना खरा आहे याची साक्ष देतो. म्हणूनच तो घाईने देऊ नये. वर्षात तीनदा, आयुष्यात सातदाच देता येतो आणि आधीचे गुण शाळांना दिसतात. तिसऱ्या वर्षाच्या वसंतात ऑर्गो, फिजिक्स आणि एमकॅट एकत्र देणारी मुलं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षाचीच चूक मोठ्या आकड्यात.

बेसमेंट

दोन्ही गुण मोजतात हे मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या मुलाने गेल्या उन्हाळ्यात बी वालं बायॉलॉजी पुन्हा केलं. आता बोलण्यात अर्थ नाही.

परसबाग

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

समर कोर्स रद्द केला. पैसे बहुतेक परत मिळाले, नवऱ्याचा राग अजून निवळायचाय. लेक जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जवळच्या एका वृद्धाश्रमात जाते, सकाळी सात ते तीन. पहिल्या दिवशी येऊन थेट आंघोळीला गेली आणि जेवली नाही. काल एका आजींची कवळी हरवल्याची गोष्ट अर्धा तास सांगत होती. आवडतंय का, असं मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

सप्टेंबरसाठी तिने स्वतःच बसून १३ क्रेडिट लावलीत: ऑर्गो टू पुन्हा, संख्याशास्त्र, आणि दोन वाचन-लेखनाचे. बायोकेमिस्ट्री वसंतात. ऑर्गोच्या प्राध्यापकांना ईमेल केलाय, जुना पेपर बघायला मिळेल का म्हणून. तो ईमेल लिहायला तिला चार दिवस लागले.

गरबा टीम मात्र सोडणार नाही म्हणते. त्यावर आमच्या घरी वेगळा धागा चालू आहे, त्यात कृपया कोणी भर घालू नये.

हिशेबनीस

१३ क्रेडिट, त्यात सायन्स आठ धरतो. माझं मत बदललेलं नाही, पण आकडे वहीत लिहून ठेवले आहेत. डिसेंबरात इथेच विचारेन.