त्या जुन्या नावेसाठी वर्गणी मागताय, पण नावाड्याच्या घरी कुणी गेलं का?

गोदाकाठ:
चार दिवसांपासून तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. ज्यांना आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या घाटावर पालथी पडलेली जुनी लाकडी नाव दुरुस्त करायची, नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, पर्यटकांच्या फेऱ्यांसाठी सोडायची आणि त्यासाठी २५ लाखांची वर्गणी काढायची. ५०१ रुपयांपासून पुढं कितीही द्या, ११,००० देणाऱ्याचं नाव फळीवर कोरणार. पोस्टरवर दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, आणि खाली मोठ्या अक्षरात 'सातवाहनांची नौका पुन्हा पाण्यात'.

माझा राग या पोस्टरवर आहे. तसलं जहाज सातवाहनांच्या नाण्यांवर आहे, मान्य. पण ती शिशाची नाणी आंध्राच्या किनाऱ्याकडची, समुद्रावर व्यापार करणाऱ्या मुलखातली. पैठणचा माल भडोचला कसा जायचा हे पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहिलेलंच आहे. वीस दिवसांची वाट, धड रस्ता नाही, आणि सगळा माल गाड्यांवर लादून. आपल्या घाटावरची नाव उताराची, म्हणजे माणसं नदीपार करणारी. बूड सपाट, शीड नाही, कळकानं रेटायची आणि पाणी खोल लागलं की वल्ही मारायची. नाथषष्ठीच्या यात्रेला पैठणला निघालेले वारकरी, बाजारकरी, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी, शेरडं, वेळप्रसंगी मयतसुद्धा तिनं पार केलं. पूल होईस्तोवर दोन्ही काठांची सोयरीक त्या नावेवर टिकली. एवढं मोठं काम केलेल्या नावेला राजाचं जहाज म्हणून विकायची गरज काय?

दुसरं, क्यूआर कोड एका माणसाच्या खात्याचा आहे. न्यासाची नोंदणी नाही, देणगीवर करसवलत देणारं ८०जी नाही, सुताराचा अंदाज नाही, आणि दुसऱ्या वर्षी डागडुजी कोण करणार यावर एक शब्द नाही.

पैठण पर्यटनप्रेमी:
पोस्ट माझी आहे, उत्तर मीच देतो. अजिंठा-वेरूळ बघणारा माणूस पैठणला वळत नाही, संभाजीनगरहून अंतर पन्नास किलोमीटर असूनही. २००६च्या पुरानंतर ज्ञानेश्वर उद्यानाची रया गेली आणि तेव्हापासून आमच्याकडं नाथांचं दर्शन, पैठणी आणि धरणाची भिंत एवढंच उरलं. 'उताराची जुनी नाव' असं लिहिलं असतं तर कुणी थांबून वाचलं असतं का? चित्रानं लोक थांबले, म्हणून तर आज हा धागा निघाला.

आणि वर्गणीतून बोट वाचते, याला पुरावा आहे. स्कॉटलंडची वेव्हर्ली ही वाफेवर चालणारी चाकांची प्रवासी बोट १९७४ साली एका पौंडाला विकली गेली. घेतली कुणी? हौशी लोकांच्या संस्थेनं. आजही ती प्रवासी घेऊन समुद्रात जाते. आपल्याकडं काय झालं ते बघा. जुनी विमानवाहू युद्धनौका विक्रांत १९९७ला निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि पैसे नाहीत म्हणून २०१४ला भंगारात गेली. लोकांनी वेळेवर हात घातला नाही तर असंच होतं. मी हात घातलाय तर मला चोर ठरवताय.

गोदाकाठ:
चोर म्हटलेलं नाही, हिशोब मागितलाय. वेव्हर्लीचंच उदाहरण पूर्ण सांगा की. ती विकत घेणारी संस्था १९५९ पासून होती. पंधरा वर्षं सभासद जमवले, त्यानंतर बोट हाती आली. २०१९ला बॉयलर बाद झाले तेव्हा त्यांनी नवे बॉयलर बसवायचेत, २३ लाख पौंड लागतील, असं सरळ आवाहन केलं, आणि पुढच्याच वर्षी बोट पुन्हा धावली. पैसे देणारांत तिच्यावर लहानपणी बसलेले कितीतरी लोक होते. आपल्या नावेत बसलेली म्हातारी माणसं दोन्ही काठांच्या गावांत अजून आहेत. त्यांच्यापर्यंत तुमचं पोस्टर गेलंच नाही, ते गेलं पुण्यातल्या ग्रुपवर.

धरणग्रस्त, दुसरी पिढी:
नाथसागरात नाव सोडायची, पण पाणी कुठाय? १९६५ला शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ला धरण झालं आणि शंभरावर गावं उठली, त्यात आमचं एक. जमीन गेली, आणि उन्हाळ्यात आम्हालाच टँकर. २०१६ला लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तेव्हा इथंही मृतसाठाच, म्हणजे कालव्यात न येणारं तळाचं पाणीच होतं. वरच्या धरणांनी पाणी अडवायचं आणि आम्ही चिखलात नाव बघायला तिकीट काढायचं?

प्रवरेचा शेतकरी:
आलं का पुन्हा आमच्यावर. विषय नावेचा, शिव्या नगर-नाशिकला. २०२३ला आमच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला. नदीच्या कोरड्या पात्रातून ते पाणी येताना किती मुरतं, हे कधी काठावर उभं राहून बघितलंय का? माझ्या उसाला त्या वर्षी पाण्याची एक पाळी कमी मिळाली. प्रवरेवरचं भंडारदरा धरण इंग्रजांच्या काळात आमच्यासाठी बांधलं, तुमच्या बोटींसाठी नाही.

धरणग्रस्त, दुसरी पिढी:
मेहेरबानी करत नाही तुम्ही. २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, पाण्याचं समन्यायी वाटप त्यातच लिहिलंय. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के नसेल तर वरून सोडायचं, हे २०१४ला ठरलं. तरी दर वेळी कोर्टाची पायरी चढल्याशिवाय एक थेंब खाली येत नाही. तुमची एक पाळी गेली, आमची मोसंबीची बागच्या बाग सरपणाला गेली. बापानं हातानं तोडली ती.

प्रवरेचा शेतकरी:
बागेचं वाईट वाटतं, खरंच. पण ऊस तुमच्याकडंही आहे, कालव्याच्या दोन्ही अंगांना. पाणी कमी आहे तर मराठवाड्यात एवढे कारखाने कसे? त्याचं उत्तर द्या.

धरणग्रस्त, दुसरी पिढी:
कारखाने काय आम्ही काढले? ज्याचं गाव बुडालं त्याला विचारून परवाना देतात का?

परभणीचा इंजिनिअर:
दोघंही थांबा. पाण्याचा मुद्दा मोजून बोलू. जायकवाडीची क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला २६ टीएमसी मृतसाठा. म्हणजे उपयुक्त साठा शून्यावर आला तरी नाव तरंगेल एवढं पाणी असतं. अडचण काठाची आहे. पाणी ओसरलं की काठ फार लांब जातो, बांधलेला धक्का कोरड्यात उभा राहतो. तरंगता धक्का करता येतो, पण तो २५ लाखांत धरलेला दिसत नाही.

त्याहून मोठी अडचण नावेची. ती नदीसाठी बांधलेली. काठ ठेंगणे, बूड सपाट. नाथसागर भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो. पन्नास किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून वारा आला की लाटा उठतात, आणि ठेंगण्या काठाची नाव पाणी घेते. शिवाय प्रवासी न्यायचे तर २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी आणि तपासणी आली. इतकी वर्षं उन्हात वाळलेल्या फळ्यांना कोणता तपासनीस सही देईल? १८ डिसेंबर २०२४ला मुंबईत घारापुरीला निघालेली नीलकमल बुडाली, माणसं गेली. तिथं तटरक्षक दल आणि नौदल जवळ होतं. पैठणच्या पाण्यात कोण धावणार? इंजिन बसवू म्हणाल तर नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हेही लक्षात ठेवा.

वैजापूरची लेक:
मला एक कळत नाही. २०२३ला गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची लेकरं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जात होती, पाण्यात साप, हातात काठी. सगळ्या देशानं ते फोटो बघितले. याच जायकवाडीचं पाणी आहे ते. २५ लाख जमवायची ताकद असेल तर आधी त्या लेकरांना नाव द्या. माझी मावशी तिकडंच राहते. पावसाळ्यात लेकरू घरी येईपर्यंत ती दारातून हलत नाही. पर्यटकांची हौस नंतर.

पैठण पर्यटनप्रेमी:
ताई, ते काम सरकारचं आहे आणि त्यासाठी भांडायला मी तुमच्यासोबत येतो. पण प्रत्येक वेळी 'आधी ते करा' म्हटलं तर वारशाचं काम कधीच होणार नाही. आज शाळा, उद्या रस्ता, परवा पाणी. तोवर नाव कुजून जाईल.

कहारवाडा:
एवढं वाचल्यावर बोलावंच लागतंय. ती नाव माझा आज्जा चालवायचा. घाटाचा मक्ता दुसऱ्याचा, यात्रेतला रोख पैसा त्याचा. आम्हाला दोन्ही काठच्या गावांनी सुगीत खळ्यावर ज्वारी द्यायची. कुणी भरून द्यायचं, कुणी मागच्या साली दिली होती म्हणून परत पाठवायचं. पुरात रात्री-अपरात्री हाक आली तरी आज्जा जायचा, कारण पलीकडं कुणीतरी अडलेलं असायचं.

पूल झाला तेव्हा नारळ फोडायला मोठमोठी माणसं आली. आज्ज्याला मांडवात कुणी बोलावलं नाही. पुढच्या साली आमचं घर ऊसतोडीला गेलं आणि नाव तिथंच पालथी राहिली. तिच्या फटीत राळ आणि डांबर भरायचं काम माझ्या आजीचं. हात भाजायचे तिचे. आता त्या फळीवर ११,००० देणाऱ्याचं नाव कोरणार? आमच्या घरी एक माणूस विचारायला आला नाही. पोस्टरही मला मुलानं दाखवलं.

नाव वाचवायची तर वाचवा. आम्हालाही ती कुजलेली बघवत नाही. पण पैठणला नेऊ नका. तिथं नेली की ती कुणाची होती हे दोन वर्षांत कुणी सांगणार नाही.

पैठण पर्यटनप्रेमी:
दादा, तुमच्या घरी यायला पाहिजे होतं, हे मान्य. फळीवर नावं कोरायचं आजपासून रद्द. पण घाटावर ठेवली तर बघायला येणार कोण? तिथं डांबरी रस्ता नाही, हॉटेल नाही. पैठणला षष्ठीला लाखो लोक येतात. नाव जिथं माणसं आहेत तिथंच असावी असं मला अजून वाटतं.

गोदाकाठ:
षष्ठीच्या त्या वारकऱ्यांतल्या कितीतरी दिंड्या आजही गोदाकाठानं येतात. त्यांच्या वाटेवर घाट ठेवा. नाव जमिनीवर, सिमेंटच्या ठोकळ्यांवर, वर पत्र्याची शेड, चारी बाजूंनी मोकळी. शेजारी फलक, त्यावर चालवणाऱ्या घरांची नावं. पाण्यात जायची हौस असेल तर तिच्याच मापाची नवी नाव बांधा, नदीपुरती, कहारवाड्यातल्या पोरांच्या हातात द्या, जॅकेटं घाला, नोंदणी करा. २५ लाखांची गोष्ट तेव्हा बघू. आता पावसाळ्याच्या आत फक्त शेड लागते, आणि तिची वर्गणी आपल्या दोन-चार गावांतच निघेल.

परभणीचा इंजिनिअर:
शेडचं माप आणि अंदाज मी फुकट काढून देतो. लाकूड बघणारा जुना सुतार मात्र तुम्ही शोधा. सागवान कुठं जिवंत आहे आणि कुठं वाळवी लागलीय, हे मला सांगता येणार नाही.

पैठण पर्यटनप्रेमी:
पोस्टर काढून टाकलंय. क्यूआर कोडही बंद केलाय. आतापर्यंत ज्यांनी दिले त्यांना परत पाठवतो. ज्यांना शेडसाठी ठेवायचेत त्यांनी तसं लेखी कळवावं. सातवाहनांचं चित्र चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या चित्रामुळंच तुम्ही सगळे बोलायला लागलात. पण पुढच्या आवाहनावर फोटो खऱ्या नावेचाच असेल. न्यासाच्या नोंदणीसाठी धर्मादाय कार्यालयात जायचंय, कहारवाड्यातले दोघं तरी विश्वस्त पाहिजेत.

गोदाकाठ:
नोंदणी झाली की न्यासाच्या नावानं माझा ५,०००चा चेक. नाव नाथसागरात नेली तर एक रुपया नाही.

धरणग्रस्त, दुसरी पिढी:
शेडला माझेही ५००. पण त्या फलकावर बुडालेल्या गावांची नावंही टाका. आमच्याही गावाला नाव होती.

प्रवरेचा शेतकरी:
फलकावर काय लिहायचं ते लिहा. ६५ टक्क्यांवर मी अजून बोलणार आहे, नवा धागा काढा.

कहारवाडा:
विश्वस्ताचं घरात विचारून सांगतो. नाव बघायला रविवारी येऊ नका, आमच्याकडं बाजार असतो. सोमवारी सकाळी या, आणि आधी माझ्या आत्याला भेटा. आज्ज्यासोबत ती वल्हं मारायची. कुठली फळी कधी बदलली हे तिलाच ठाऊक आहे.