वाढदिवसाला संगीत खुर्ची हवीच का?

गुहागरकर: हल्ली आमच्या वाडीतसुद्धा केक कापून झाला की संगीत खुर्ची ठरलेलीच असते. खेळ बाहेरून आला, ही माझी तक्रार नाही. बारा मुलांना अकरा खुर्च्या मांडल्या की सर्वांत लहान किंवा बुजरे मूल बहुधा पहिल्याच फेरीत बाद होते आणि उरलेल्या दहा फेऱ्या भिंतीला टेकून बघत बसते. विषामृतात ‘विष’ मिळालेला गडी जागीच बसतो खरा, पण सवंगड्याने ‘अमृत’ म्हणत हात लावला की पुन्हा पळू लागतो. पत्त्यांतले पाच-तीन-दोन घ्या. तीस पाने, तिघे खेळणारे. ज्याचे हात कमी पडले त्याची पुढच्या डावात पाने ओढली जातात, चांगले पान जाऊन फुसके परत येते, पण त्याला डावातून कोणी उठवत नाही.

देवगडकर: आपण सोयीचे तेवढेच खेळ निवडलेत. झब्बूत कच्चा खेळाडू हातात पानांचा गठ्ठा घेऊन शेवटपर्यंत राहतो, हे मान्य; मात्र गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेले असताना झब्बू लागलेल्या पोराला विसर्जनापर्यंत चिडवतात, त्यापेक्षा बाद होऊन निवांत वेफर्स खाणे बरे. काजूच्या बिया लावून खेळताना तर खिसा रिकामा झाला की गडी बादच होत असे. शिवाय विषामृताला अंगण लागते. सारवलेली खळी जाऊन पेव्हर ब्लॉक आले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बारा मुले पळवली तर खालचे शेजारी वर येतील!

सावंतवाडीची लेक: बाद होण्याआधी खेळात घेतले तर पाहिजे ना? सागरगोटे, काचापाणी मुलींनी माजघरात खेळायचे आणि विटीदांडू मुलग्यांनी बाहेर, अशी वाटणी बहुतेक घरांत होतीच. संगीत खुर्चीत निदान ती नाही. आणि परंपरेचाच कळवळा असेल, तर आमच्या गावची दशावतारी गंजिफा खेळून पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, एकशेवीस गोल पाने, दिवसा रामाची उतारी तर रात्री कृष्णाची. पर्यटक हौसेने विकत घेतात आणि दिवाणखान्यात मांडून ठेवतात. डाव मांडणारे घर मात्र शोधावे लागते.

गुहागरकर: मुलींचा मुद्दा बिनतोड आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. बियांच्या खेळाबद्दलही देवगडकरांचे खरे. मात्र आपल्याकडे लिंबूटिंबूची सोय होती, हे विसरू नका: धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, पण त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. तशी सोय संगीत खुर्चीतही करता येईल. दर फेरीला खुर्ची काढा, मूल काढू नका. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी दाटीवाटीने बसावे. त्याला ना अंगण लागते, ना मुलगा-मुलगी भेद.

देवगडकर: फ्लॅटमध्ये जमण्यासारखे आहे. फक्त शेवटच्या एका खुर्चीवर बारा जण चढणार असतील, तर ती प्लास्टिकची नसावी. आणि एकच बक्षीस आणून ठेवलेल्या यजमानांना आधी कल्पना द्यावी.