चवथीआधी नवं स्वयंपाकघर: भांडी कोणती घेऊ, मापं कोणती?

बी-१०४: नमस्कार. आम्ही मागच्या आठवड्यात साताऱ्याहून इथे गोव्यात म्हापशाला राहायला आलो. भांडी फारशी आणली नाहीत, स्वयंपाकघर नव्यानेच लावायचंय. दुकानात बारा नगांचा नॉनस्टिक सेट दाखवला, गणेशचवथीपर्यंत सवलत आहे म्हणाले. घेऊ का? आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी. मासे आता आठवड्यातून चार दिवस तरी होतील.

ए-३०२: स्वागत गो बाय. सेट घेऊ नको. बारातली पाच भांडी रोज वापरशील, बाकीची माळ्यावर जातील. आणि इथल्या स्वयंपाकाला आंबट फार लागतं. हुमणात, म्हणजे इथल्या माशांच्या आमटीत, सोलं (आमसुलं) किंवा चिंच, वर नारळाचा रस. आधी आंबटाला टिकणारं एक भांडं बघ, बाकीचं नंतर.

बी-१०४: म्हणजे कोणतं काकी? माझ्याकडे ॲल्युमिनियमची जाड कढई आहे, सासूबाईंनी दिलेली.

ए-३०२: ती तळणीला ठेव, चवथीला नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, काढशील. सोलं घातलेलं काही त्यात उकळत ठेवू नको, आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो. लोखंडाच्या कढईचंही तेच, हुमण काळपट होतं आणि चवीला लोखंड येतं. पितळेची भांडी असतील तर आतली कल्हई बघ. कल्हई गेली असेल तर आंबट अजिबात नको. आणि कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर विसरू नको, कल्हईतलं कथील २३२ अंशालाच वितळतं. रोजच्या हुमणाला जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घे आणि एक कुंडलं, म्हणजे कालवणाचं मातीचं भांडं.

ए-१०१: कुंडलं शुक्रवारच्या बाजारातून घे गं. डिचोलीकडची मातीची भांडी येतात. सकाळी लवकर जा. हातात घेऊन बोटाने वाजव. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा आहे. आतून रंगीत चकाकी असलेलं घेऊ नको, त्या चकाकीत शिसं असू शकतं.

बी-१०४: आजी, आणल्यावर लगेच वापरायचं का?

ए-१०१: नाही. एक रात्र पाण्यात बुडवून ठेव. दुसऱ्या दिवशी त्यात मंद आचेवर पेज कर आणि कुंडल्यातच निवू दे. पेजेच्या चिकाने मातीची बारीक भोकं भरतात. साबण लावू नको, माती तो पिऊन घेते आणि पुढच्या हुमणाला वास येतो. गरम पाणी आणि नारळाची शेंडी पुरते. तापलेल्या कुंडल्यात गार पाणी ओतलंस तर तडकलंच समज. ढवळायला दवलो घे, करवंटीचा. स्टीलच्या डावाने माती खरवडते.

सी-२०१: आईच्या घरी बांगड्याचं तिरफळ घातलेलं हुमण दुसऱ्या दिवशी त्याच कुंडल्यातून वाढायचे. ती चव स्टीलच्या पातेल्यात मला आजवर मिळालेली नाही.

बी-२०३: आणि तवा? पावसाळ्यात आमचा बिडाचा तवा चार दिवसांत गंजला.

ए-३०२: इथल्या दमट हवेत गंजणारच. धुतला की लगेच गॅसवर ठेवायचा, पाणी पूर्ण उडेपर्यंत. गरम असतानाच तेलाचं बोट फिरवायचं, मग कोरड्या फडक्याने पुसायचं. तेल दिसलं नाही पाहिजे, नुसती चमक राहिली पाहिजे. जास्त राहिलं तर चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. घावन बिडावरच चांगलं सुटतं, घाई मात्र करायची नाही. नॉनस्टिक हवाच असेल तर एकच पसरट तवा घे, अंडी आणि धिरड्यांसाठी. मोठ्या आचेवर रिकामा तापवू नको. २६० अंशांच्या वर तो लेप खराब व्हायला लागतो, आणि रिकामा तवा बघता बघता तिथवर जातो.

बी-२०३: इंडक्शन आहे आमच्याकडे. स्टीलचं पातेलं चालेल ना?

सी-२०१: सगळं स्टील चालत नाही. दुकानात जाताना फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात टाका. बुडाला घट्ट चिकटलं तरच घ्या. मातीचं कुंडलं इंडक्शनवर तापत नाही. पावसात वीज जाते, तेव्हा गॅस ठेवाच.

बी-१०४: कुकर किती लिटरचा?

ए-३०२: तिघांना ३ लिटर पुरे. पाहुणे सतत येणार असतील तर ५. आयएसआयची खूण बघितल्याशिवाय उचलू नको, २०२१ पासून ती सक्तीची आहे. दोन तृतीयांशांच्या वर भरू नको, डाळ असेल तर अर्ध्यापर्यंतच. झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार बघ. दहा सेकंदांचं काम आहे, पण त्यात डाळीचं साल अडकलेलं मी स्वतः पाहिलंय. उकड्या तांदळाची पेज मात्र उघड्या टोपातच कर.

बी-१०४: खूप उपयोग होतोय 🙏 मापाचे कप-चमचे घ्यायचे का? मी सगळं वाटीनेच करते.

बी-२०३: घ्याच. मी मुलाच्या वाढदिवसाला केक केला, मैदा आणि साखर राईस कुकरबरोबर आलेल्या कपाने मोजली. अंडी पाककृतीत होती तेवढीच, तीन. केक मधोमध खचला, आतून ओला. नंतर कळलं, राईस कुकरचा कप १८० मिलिचा असतो, पाककृतीतला २४० चा. मैदा पाऊण आणि अंडी पूर्ण.

ए-३०२: यातली गोम मला फार उशिरा कळली. वाटी वाईट नाही. एक वाटी रवा, अर्धी वाटी साखर, मोजायला तीच वाटी. वाटी लहान असो की मोठी, पदार्थ बिघडत नाही. बिघडतो कधी? जेव्हा त्यात वाटीने न मोजलेली वस्तू येते. तीन अंडी, दुधाची पिशवी, एक नारळ. पातोळ्यांच्या चुनाला, म्हणजे आतल्या नारळ-गुळाच्या सारणाला, आमच्याकडे म्हणायचे, एका नारळाला एक वाटी गूळ. मी चवथीच्या ऑर्डरी घ्यायला लागले तेव्हा एका खेपेचं चून सरबरीत व्हायचं, हळदीच्या पानातून पाझरायचं, दुसऱ्या खेपेचं अगोड. एक दिवस नारळ खवून वजन केलं. एकाचा खव दीडशे ग्रॅम, दुसऱ्याचा पावणेतीनशे. दोघांना गूळ तेवढाच घालत होते. आता दर शंभर ग्रॅम खवाला पन्नास ग्रॅम गूळ, आणि गूळ फार गोड लागला तर पाच कमी. त्यानंतर एकही खेप बिघडली नाही.

बी-१०४: म्हणजे वजनकाटा घ्यायचा?

ए-३०२: कपांच्या आधी काटा घे. ५ किलोपर्यंतचा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा. भांडं ठेवून शून्य करायचं बटण त्यात असलंच पाहिजे. पातेलं ठेवलं, शून्य केलं, खव घातला, पुन्हा शून्य, गूळ घातला. धुवायला एकच भांडं.

सी-२०१: काटा बरोबर आहे का ते घरीच तपासता येतं. दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं. दहा नाणी एकदम ठेवा, ७७ च्या आसपास यायला हवं. थोडी झिजलेली असतील तर किंचित कमी.

बी-२०३: मग कप अजिबात नको?

ए-३०२: चमचे घे. १५ मिलि आणि ५ मिलिचे. सोडा, बेकिंग पावडर, हळद अशा थोडक्या वस्तू साध्या काट्यावर नीट पकडता येत नाहीत. चमचा भरून सुरीच्या पाठीने सपाट करायचा. मिठाकडे लक्ष दे. बारीक मिठाचा छोटा चमचा ६ ग्रॅमच्या आसपास भरतो. आगराचं खडे मीठ त्याच चमच्यात कमी बसतं. साताऱ्याचा हात इथल्या मिठाला पहिल्या दिवशी चुकेल. कप हवाच तर २४० मिलिचा एकच घे. त्यात साखर २०० ग्रॅम बसते, मैदा मात्र १२५ च्या आसपास. म्हणून ‘एक कप’ म्हटल्यावर कशाचा, ते विचारायचं.

ए-१०१: आणि आदोळी, नारळ खवायची विळी, विसरू नको. मिक्सरमधला नारळ वेगळा, खवलेला वेगळा. पात्याचे दात बोटाने हळूच बघून घे, बैठक हलत नाही ना ते बघ.

बी-१०४: यादी लिहिली. कुंडलं, दवलो, जाड बुडाचं पातेलं, बिडाचा तवा, ३ लिटरचा कुकर, काटा, चमचे, आदोळी. सेट रद्द. काकी, एक विचारू? माझ्याकडे आईच्या लग्नातली एक वाटी आहे, बुडाशी तिचं नाव आणि साल कोरलेलं. आईने फोनवर सांगितलेलं सगळं त्याच वाटीने आहे. ती मोजता येईल का?

ए-३०२: येईल की. रिकामी वाटी काट्यावर ठेव, शून्य कर, काठोकाठ पाणी भर. जेवढे ग्रॅम तेवढे मिलि.

सी-२०१: शेजारचा काटा चालेल का? आमचा आत्ता मोकळा आहे, मुलीला खाली पाठवतो.

बी-१०४: मिळाला, धन्यवाद दादा. दोनदा मोजलं. १४५.

ए-३०२: मग शुक्रवारी ती वाटी बरोबर घे. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात. आईच्या नावाखाली १४५ कोरून घे.