एसीएल शस्त्रक्रिया: नडगीच्या हाडात स्क्रू टायटॅनियमचा की विरघळणारा?

घोडबंदरकर, ठाणे:
नमस्कार. कबड्डीत चढाई करताना माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्यातील एसीएल (मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून जोडणारा अस्थिबंध) पूर्ण तुटल्याचे एमआरआयमध्ये दिसले आहे. मांडीमागचे स्नायुरज्जू (टेंडन) काढून त्यांचा ग्राफ्ट, म्हणजे एसीएलच्या जागी बसवायचा नवा बंध, करायचा आणि तो वर मांडीच्या हाडाला बटणाने (लहान धातूच्या पट्टीने) अडकवायचा, यावर दोन्ही शल्यचिकित्सकांचे एकमत आहे. मात्र खाली नडगीच्या हाडात ठाण्याचे डॉक्टर विरघळणारा स्क्रू सुचवतात, तर वाशीचे टायटॅनियमचा. खर्चात बराच फरक पडतो. महाग स्क्रूची पकड खरोखर अधिक असते का, आणि टायटॅनियमचा स्क्रू पुढे काढावा लागतो का?

निवासी डॉक्टर, अस्थिरोग विभाग, नवी मुंबई:
गुडघ्याच्या स्थैर्यात या दोन स्क्रूंमुळे रुग्णाला जाणवण्याजोगा फरक सहसा पडत नाही. टायटॅनियमच्या स्क्रूचे आटे बसवताना ग्राफ्टला कापू शकतात आणि पुढच्या एमआरआयमध्ये त्या भागाचे चित्र बिघडते, पण तपासणीला त्याने धोका नसतो. विरघळणारा स्क्रू बसवतानाच मोडू शकतो, विरघळायला कित्येकदा काही वर्षे घेतो, आणि क्वचित त्याच्याभोवती द्रवाची गाठ होते. त्रास नसेल तर दोन्ही काढावे लागत नाहीत.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. स्नायुरज्जूचा ग्राफ्ट त्याच्यासाठी हाडात पाडलेल्या बोगद्यात रुजायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात आणि तोपर्यंत सारा भार स्क्रू आणि बटणाच्या यांत्रिक पकडीवर असतो. त्यातही नडगीची बाजू कच्ची, कारण तिथले हाड तुलनेने मऊ असते आणि ग्राफ्टवरील ओढ थेट बोगद्याच्या दिशेने येते. म्हणून या काळात ग्राफ्ट तुटण्यापेक्षा सरकण्याची भीती अधिक असते. स्क्रू बोगद्याच्या रेषेतून तिरका गेला तरी पकड घटते. हाड मऊ लागले तर स्टेपल (हाडात ठोकायची यू आकाराची पिन) किंवा वॉशरसह (चकतीसह) जादा स्क्रू लावणार का, हे दोघांनाही विचारा. बटणाचेही एक आहे: ते हाडाच्या बाहेरील पृष्ठभागावर नीट टेकले पाहिजे, मध्ये स्नायूचा पदर अडकला तर नंतर ग्राफ्ट सैल पडू शकतो.

बोगदा रुंदावल्याचे पुढे एक्स-रेमध्ये दिसले तर लगेच घाबरू नये. गुडघा स्थिर असेल तर बहुधा काही करावे लागत नाही, पण पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली तर आधी तो हाडाने भरावा लागू शकतो.

फिजिओथेरपिस्ट, नेरूळ:
वरील उत्तराला एक जोड. स्नायुरज्जू मांडीमागून काढलेले असल्याने सुरुवातीच्या आठवड्यांत वजन लावून गुडघा मागे दुमडण्याचे व्यायाम टाळतात. गुडघा पूर्ण सरळ होणे मात्र लवकर साधावे. ते अडत असेल तर ग्राफ्टच्या पुढे व्रणाची गाठ झाली आहे का, हे पाहावे लागते. ताप, जखमेतून स्राव, वाढती सूज किंवा पोटरीतील दुखरी सूज दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. वेदना थांबल्या म्हणून ९ महिन्यांच्या आत मॅटवर उतरणे तरुण खेळाडूंना महागात पडते, कारण ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा धोका त्यांच्यातच जास्त असतो.

घोडबंदरकर, ठाणे:
दोघांचेही आभार. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर घातलेली मर्यादा या स्क्रूंनाही लागू होते का?

निवासी डॉक्टर, अस्थिरोग विभाग, नवी मुंबई:
नाही, ती गुडघा बदलण्याच्या कृत्रिम सांध्यांपुरती होती. त्यामुळे बटण आणि स्क्रूची किंमत अंदाजपत्रकात वेगळी लिहून घ्या, आणि त्यांच्या वेष्टनावरील स्टिकर केसपेपरला लावून मागा. पुढे कधी पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तर आत नेमके काय बसवले आहे हे त्यावरूनच कळते.