मुरमातल्या बिळाला झाकण: हा कोणता कोळी?

शेळ्यांमागची:
नमस्कार. आमचं शेत येडशीजवळ, रामलिंग घाटाच्या जंगलाला लागून. बांधावर धावडा अन् सालई, खाली मुरूम. शेळ्यांमागं बसले होते तर मुरमात रुपयाएवढं गोल झाकण दिसलं. काडीनं उचकलं तर आतून कुणीतरी ओढून धरलं! जरा फट पडली तेव्हा आत पांढरं अस्तर दिसलं. लेकरं तिथंच खेळतात, विषारी आहे का? सासूबाई म्हणतात बुजवून टाक. बांध सरळ करायला जेसीबीपण यायचाय.

अंबाजोगाईचा मास्तर:
ताई, बुजवू नका, कळकळीनं सांगतो. हा झाकणवाला कोळी, वर्णनावरून इडिऑपिडी कुळातला. झाकण माती अन् रेशमाचं, एका बाजूला रेशमाचीच बिजागरी. रात्री झाकणाची फट करून दबा धरतो अन् जवळून जाणारा किडा झडप घालून आत ओढतो. आपणहून अंगावर येत नाही. बिळात बोट घालायचं नाही एवढं लेकरांना सांगा, चावला तर दुखतं.

मादी सहसा जन्मभर एकाच बिळात राहते. ऑस्ट्रेलियात याच कुळातल्या एका मादीवर कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी 1974 पासून नजर ठेवली होती. तिचा नंबर 16. ती 43 वर्षं जगली, 2016 मध्ये बीळ रिकामं सापडलं. झाकणाला गांधीलमाशीनं भोक पाडलेलं. आपल्याकडची इतकी जगते असं मी म्हणत नाही. पण मोठी मादी उकरून काढली तर तिला नवं बीळ करणं फार अवघड जातं, म्हणून जेसीबीची मला जास्त भीती वाटते.

किनवटकर:
पावसाळ्यात एखादा उघड्यावर फिरताना दिसला तर मारू नका. तो बहुतेक नर असतो, मादी शोधत निघालेला.

शेळ्यांमागची:
सर, 43 वर्षं ऐकून सासूबाई गप्पच झाल्या! जेसीबीवाल्याला काय सांगू? किती जागा सोडू?

अंबाजोगाईचा मास्तर:
एका बिळापुरतं बघू नका. पिल्लं आईपासून फार लांब जात नाहीत, आसपास बारकी झाकणं असणारच. पालापाचोळा हातानं हळूच सारून बघा, सापडेल तिथं खुंटी ठोका. खुंट्या लागतील तेवढा बांध वाकडाच राहू द्या, अन् तिथला पाला पेटवू नका.